अण्णांचा ‘हं’

पोरी तोंडावर मला ताई म्हणतात, पण मागे त्यांनी माझं नाव भोंगा ठेवलंय. मला ते कळलेलं नाही अशी त्यांची समजूत आहे, असू दे बापडी. तेवीस वर्षं तलवारबाजी शिकवतेय. घसा फोडल्याशिवाय या वयाच्या पोरी ऐकतात कुठे? पण त्या दिवशी मी स्वतःला बजावून आले होते, की आज काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. टाचणीचा दिवस होता.

टाचणी म्हणजे माझी सगळ्यात गुणी आणि सगळ्यात घाबरट विद्यार्थिनी. अंगावर मांस नाही, नुसतं टोक आहे, म्हणून टाचणी. बारा वर्षांची असताना तिची आई तिला हाताला धरून घेऊन आली. आई दवाखान्यात एक्स-रे काढते, त्यामुळे पहिलाच प्रश्न, "हिची हाडं टिकतील ना?" मी म्हटलं, हाडांचं मी बघते, तुम्ही पोटाचं बघा. कारण पोरगी मॅचच्या आधी हमखास उलटी करायची. पाच वर्षांत आम्ही काय नाही केलं! पायांचे व्यायाम, झोपेची वही, श्वास मोजणं, दर गुरुवारी समुपदेशन करणाऱ्या बाईंशी तासभर गप्पा. उलट्या थांबल्या. गुण वाढले. पोरगी रात्रीची झोपायला लागली.

त्या बाईंशी मात्र माझं कधी जमलं नाही. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुम्ही समोर नसताना ती कशी खेळते?" मी म्हटलं, "मी समोर नाही असं होतच नाही." त्या हसल्या नाहीत, वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला असा राग आला होता! घाम मी गाळायचा आणि वहीत यांनी लिहायचं.

तर त्या दिवशी स्पर्धेतल्या पहिल्या चार मुली वर्षभराच्या निवासी शिबिराला घेणार होते. तिथे चांगले प्रशिक्षक, फिजिओ, परदेशातले सामने, सगळं. तिथून पुढे संघ. टाचणी अठराची होत आली होती. पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. आठ जणींत ती पोचली होती. अजून एक मॅच जिंकली की चारांत.

आणि समोर कोण? माझी भाची. सख्ख्या भावाची मुलगी.

दादाचं तलवारबाजीचं केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, माझं या टोकाला. आम्ही दोघंही अण्णांकडे, आमच्या वडिलांकडे शिकलो. भांडण वगैरे काही नाही हं. घरच्या कार्यात एकमेकांना वाढतो. पण स्पर्धेच्या दिवशी मान हलवायची आणि आपापल्या खुर्चीवर जाऊन बसायचं, असा अलिखित करार. भाची सोळाची, टाचणीपेक्षा वीतभर उंच, आणि हात असे लांब, की दारात उभी राहून खिडकी लावेल. सकाळी मला बघून धावत आली, "आत्या, आज माझ्याविरुद्ध ओरडायचं नाही हं." मी म्हटलं, "आज मी कोणाच्याच बाजूने ओरडणार नाहीये." ती म्हणाली, "बरी आहेस ना?" आणि पळाली.

मॅच सुरू झाली. आमच्या प्रकारात अंगावर कुठेही टोक लागलं की गुण. दोघींचं एकदम लागलं तर दोघींना. तलवारीच्या टोकाला बटण असतं, ते दाबलं गेलं की पाठीला जोडलेल्या वायरीतून दिवा लागतो, आमचा लाल, त्यांचा हिरवा. पंधरा गुण करणारी जिंकते. तीन-तीन मिनिटांचे तीन डाव, मध्ये एकेक मिनिट विश्रांती.

पहिल्या डावात टाचणी खेळली की काय खेळली! पाय हलके, हात शांत. मी खुर्चीवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते आणि एक अक्षर बोलले नव्हते. पाच-तीन. टाचणीची आई माझ्या मागे बसली होती. ती हळूच म्हणाली, "तुम्ही ओरडत नाही आहात, मला भीती वाटतेय." मी म्हटलं, "मलाही."

त्या डावात दादा तिथे नव्हता. पलीकडच्या पट्टीवर, म्हणजे खेळायच्या लांबट मॅटवर, त्याच्या एका विद्यार्थ्याची मॅच चालू होती. दुसरा डाव सुरू होता होता तो आला, भाचीच्या टोकाला खुर्ची ओढली आणि गुडघे फाकवून, कोपरं त्यावर टेकवून बसला. अगदी अण्णा. मी मान हलवली, त्यानेही हलवली.

आणि टाचणी वेड्यासारखी करायला लागली.

छान मागे-पुढे चाललेलं असायचं आणि मध्येच ही सुटायची. ना अंतर बघितलेलं, ना समोरचीचा हात बघितलेला. सुटली की सुटलीच. नेमकी त्याच क्षणी भाचीही यायची, आणि लांब हात आधी पोचायचा. हिरवा दिवा. पुन्हा हिरवा. एकदा दोन्ही. पुन्हा हिरवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्टे, कशाला जातेस! कोणी सांगितलं तुला जायला? ओठ चावून चावून माझ्या तोंडात रक्ताची चव आली.

सात-दहा झाले तेव्हा मी टाचणीकडे बघणं सोडलं आणि नुसतं ऐकलं. बुटांची करकर. पात्यांची खणखण. मग दादाच्या बाजूने एक बारीकसा आवाज, नाकातून सोडलेल्या श्वासासारखा. "हं." आणि दोन्ही पोरी एकदम सुटल्या.

मी झटकन दादाकडे बघितलं.

हा अण्णांचा ‘हं’. अण्णा शिकवायला समोर उभे राहायचे, मुद्दाम आपला हात जरा बाजूला करून जागा उघडी ठेवायचे, आणि त्याच वेळी म्हणायचे, ‘हं’. की आपण जायचं, मारायचं. दिवसाला दोनशे वेळा. जागा दिसली म्हणून जायचं की ‘हं’ ऐकू आला म्हणून, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. पुढे मी शिकवायला लागले, समोर उभी राहिले, हात बाजूला केला आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, ‘हं’. दादाच्याही आलं असणार. बापाचा उंच आवाज मला मिळाला, त्याचं शांतपण दादाला, आणि हा ‘हं’ दोघांना सारखा वाटून मिळाला.

म्हणजे पाच वर्षं मी टाचणीला तलवार शिकवत होते असं मला वाटत होतं. मी तिला माझ्या आवाजावर उठायला शिकवलं होतं. आणि आज तोच आवाज समोरच्या खुर्चीतून येत होता.

डाव संपला तेव्हा आठ-अकरा. एक मिनिट विश्रांती. कोणताही शहाणा माणूस आपल्या खेळाडूकडे जाईल. मी कुठली शहाणी! मी तरातरा दादाकडे गेले. टाचणी बाटली हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, तिची आई उठून उभी राहिली, पण मला काही दिसत नव्हतं.

"दादा, तो आवाज बंद कर."

"कुठला आवाज?"

"हं! अण्णांचा हं. माझी पोरगी त्यावर सुटतेय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी वेड लागून आलेय. "मी माझ्या पोरीला सांगतोय. तुझीने कशाला ऐकायचं?"

"कारण मीही तेच म्हणते! पाच वर्षं तेच म्हणतेय मी तिला!"

दादाने गुडघ्यांवरची कोपरं काढली. मग सावकाश म्हणाला, "म्हणजे तिला खेळता येत नाही. तुझ्या आवाजाला येतं."

दुसरं कोणी असतं तर मी तिथल्या तिथे त्याचं थोबाड रंगवलं असतं. पण खरं बोलला होता. मी म्हटलं, "आणि तुझीला?"

त्याने मुलीकडे बघितलं. भाची चार हातांवर पाणी पीत होती आणि पितापिताही नजर बापावरच. घाम पुसताना नजर बापावर. आता काय सांगणार, याची वाट बघणारी ती नजर मला ओळखीची होती. दादालाही ती आजच दिसली असावी, कारण त्याचा चेहरा एकदम पडला.

"जा," तो म्हणाला. "नाही बोलणार मी."

दादाने शब्द दिला म्हणजे दिला. मी धावत परत आले. दहा-बारा सेकंद उरले होते. टाचणीने जाळीचा मुखवटा चढवलाही होता.

"ऐक," मी म्हटलं, "दादाचा तो ‘हं’ येतो ना, त्यावर तू सुटतेस. दादा आता तो करणार नाही. आवाज येणार नाही, कळलं? मीही करणार नाही. तुझी तू जा."

मुखवट्याच्या जाळीतून तिचे डोळे मोठे झालेले दिसले. ती म्हणाली, "मग मी कधी जाऊ?"

तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत मला कोणी इतकं लागेल असं बोललं नसेल. आणि पोरीने टोमणा मारण्यासाठी नव्हतं विचारलं, खरोखर विचारलं होतं. कुठे मारायचं, कसं मारायचं, पाय कुठे, खांदा कुठे, सगळं मी तिला दिलं होतं. ‘कधी’ तेवढं माझ्या खिशात ठेवलं होतं. पंचांनी हाक मारली आणि ती गेली.

तिसरा डाव. पंच म्हणाले, खेळा. आणि कोणी खेळेना.

दोघी पट्टीच्या मधोमध, एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे. टोकाला टोक लागतंय, सुटतंय. दहा सेकंद. वीस. चाळीस. दादा पुतळ्यासारखा बसला होता. भाचीचा मुखवटा मधूनच बापाच्या दिशेला अर्धवट वळायचा आणि पुन्हा समोर यायचा. टाचणीचंही तेच, फक्त माझ्या दिशेला. दोन चांगल्या तयार झालेल्या मुली, आणि दोघी आवाजाची वाट बघत उभ्या. मागून कोणीतरी हसलं. पंचांनी खेळ थांबवून दोघींना ताकीद दिली.

मग टाचणी गेली. इतकी चुकीची गेली की मला बघवलं नाही. हिरवा. आठ-बारा.

पुन्हा गेली. यावेळी दोन्ही दिवे. नऊ-तेरा. दोन गुण राहिले होते समोरचीला. टाचणीच्या आईने मागून माझा खांदा इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ होते. "सांगा ना तिला काहीतरी," ती कुजबुजली. मी नकारार्थी मान हलवली. "अहो, सांगा ना! पोरीचं वर्ष जातंय!" मी म्हटलं, "सांगितलं तर पोरगीच जाईल." हे मी बोलले खरं, पण माझा त्यावर विश्वास होता का? नव्हता. मला उठून ओरडायचं होतं.

टाचणी पट्टीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. एकदा जमिनीकडे बघितलं. श्वास घेतला, सोडला. मग आली आणि जायचं सोडून नुसती मागे सरकत राहिली. भाचीला पुढे यावं लागलं. एक पाऊल, दोन पावलं, आणि ती तिसरं टाकणार तोच टाचणीचा हात सरळ झाला. लाल. दहा-तेरा.

तो हात मी नव्हता शिकवला. म्हणजे शिकवला होता, पण त्या वेळेला नाही.

अकरा-तेरा. बारा-तेरा. भाची बिचारी आता पुरती गोंधळली होती. प्रत्येक गुणानंतर उघड उघड मागे वळून बापाकडे बघत होती, आणि बाप मुठीवर तोंड टेकवून बसलेला. तेरा-तेरा. मग दोघी एकदम, दोन्ही दिवे. चौदा-चौदा.

आता एकच गुण. जिचा पहिला, तिचं शिबिर. दोघींचं एकदम लागलं तर धरायचं नाही, पुन्हा खेळायचं.

हॉलमध्ये बाकीच्या पट्ट्यांवरचे लोकही इकडे बघायला लागले होते. मला फक्त भाचीचा हात दिसत होता. दमली की तिचं मनगट जरासं खाली येतं, लहानपणापासूनची खोड आहे. आलं खाली. मनगटाचा वरचा भाग उघडा पडला, ताटात वाढून ठेवल्यासारखा. माझ्या घशात ‘हं’ आला. खोटं कशाला सांगू, जिभेवर आला. मी स्वतःच्या पंज्याला कडकडून चावले. समोर बघते तर दादाही अर्धा उठला होता, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. त्यालाही काहीतरी दिसलं होतं. तो तसाच उघड्या तोंडाने परत बसला.

टाचणी गेली नाही. जागा उघडी होती, मी मेले तरी शपथेवर सांगेन, पण ती गेली नाही. मनगट पुन्हा वर आलं. गेली संधी. माझे डोळे भरून आले.

आणि मग ती खाली बसली. पायावर! पायावर कधी जायचं नाही, ही माझी पहिल्या दिवसापासूनची सक्त ताकीद आहे. खाली वाकलं की डोकं उघडं पडतं, समोरची लांब हाताची असेल तर संपलंच. ती गुडघ्यात वाकली, भाचीचं पातं तिच्या मुखवट्यावरून सुळकन निघून गेलं, आणि हिचं टोक भाचीच्या बुटावर, अगदी अंगठ्यावर.

लाल दिवा. एकटा लाल.

टाचणीने मुखवटा काढून अशी किंकाळी फोडली, की भोंगा वगैरे सगळं विसरा. सलाम केला, हात मिळवला, पाठीची वायर काढली आणि धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली. आई रडत होती, ही हसत होती. "आई, मी पायावर मारलं! ताई मला मारणार!" मी उठले. मला वाटत होतं मी हवेत आहे. पोरीला शिबिर मिळालं होतं, आणि शेवटचे गुण तिने तिच्या डोक्याने मिळवले होते. मला आणखी काय हवं होतं?

तेवढ्यात पलीकडून भाचीचा आवाज आला.

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

ती वायर न काढताच बापाकडे निघाली होती, वायरने तिला मागे खेचलं होतं, आणि ती तशीच ताणलेल्या वायरीच्या टोकाला उभी होती. मुखवटा काखेत. तोंड लालबुंद. "रागावलात का माझ्यावर? पहिल्या डावात नव्हतात म्हणून मी काही बोलले नाही. पण मग आलात ना? बोलत होतात ना? मी चांगली खेळत होते ना? मग मध्येच का थांबलात? मी किती वेळा बघितलं तुमच्याकडे!"

दादा तिची वायर सोडवायला लागला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तो नाव घेणार नव्हता माझं. सगळं स्वतःवर घेऊन घरी गेला असता, आणि मी टाचणीच्या आईने आणलेले पेढे-बिढे खात बसले असते. सुटका समोर उभी होती. पण पोरीचा तो चेहरा बघवेना.

"मी सांगितलं त्याला," मी म्हटलं.

भाचीने माझ्याकडे बघितलं. "काय सांगितलंस?"

मी सांगितलं. अण्णा, त्यांचा ‘हं’, टाचणी त्यावर कशी सुटत होती, विश्रांतीत मी काय बोलले, सगळं. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं ते पोरीने पुसलं नाही. माझं बोलून झाल्यावर तिने विचारलं,

"टाचणीला तू सांगितलं होतंस? आवाज येणार नाही म्हणून?"

"हो."

"आणि मला कोणीच नाही सांगितलं."

वीस-पंचवीस सेकंद होते दादाकडे. चार हातांवर पोरगी उभी होती. त्याच्या डोक्यात आलं नाही. आणि माझ्या? मी तिची आत्या. सकाळी धावत येऊन जिने मला विचारलं होतं, बरी आहेस ना, ती. माझ्याही आलं नाही. आपली पोरगी वाचवताना मी दुसरीला अंधारात उभं केलं, आणि ती दुसरी परकी नव्हती.

मी म्हटलं, "नाही सांगितलं. चुकलो आम्ही."

दादा खाली मान घालून म्हणाला, "चुकलो."

भाचीने बाहीने नाक पुसलं. वायर हातात गुंडाळली, नीट, एकावर एक वेढे, आम्ही दोघं शिकवतो तशी. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी माझी मॅच असेल तेव्हा तुम्ही दोघंही बाहेर थांबायचं. हॉलच्या बाहेर. रस्त्यावर."

दादा "बरं" म्हणाला. मीही म्हणाले.